ओव्हनचा सेन्सर बदलण्याआधी मीटर लावा

आमच्या ऐरोलीच्या घरी सूनबाई ऑर्डरचे केक करते. जुलैत तिचा कपाटात बसवलेला ओव्हन रुसला. "बाबा, तासभर ठेवला तरी आत पीठच आहे," म्हणाली. कधी केक कच्चा, कधी मध्येच एरर दाखवून ओव्हन बंद. मेकॅनिक आला आणि मागचा पत्रा न उघडताच म्हणाला, बोर्ड (ओव्हन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) गेलाय, 11 हजार होतील. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंटचं काम करून रिटायर झालोय. टेंपरेचर चुकतंय म्हटलं की आधी मल्टीमीटर हातात घ्यायचा, बोर्डाचं नाव सगळ्यात शेवटी.

आधी एक बघा. गोल बटण फिरवून तापमान लावायचा साधा ओटीजी असेल तर त्यात बहुधा तापमान मोजून बोर्डाला कळवणारा सेन्सर नसतोच, थर्मोस्टॅट असतो. हे सगळं आकडे दाखवणाऱ्या ओव्हनसाठी.

ओव्हनचा स्विच बंद केला म्हणजे काम झालं असं नाही. एमसीबी पाडा, प्लग काढा, ओव्हन गार होऊ द्या. दाराच्या चौकटीतले स्क्रू काढून ओव्हन दोघांनी मिळून बाहेर घ्या. एकट्याने ओढू नका, माझी कंबर अजून बोलते. मागचा पत्रा उघडा असताना सप्लाय अजिबात द्यायचा नाही.

सेन्सर म्हणजे ओव्हनच्या आत, मागच्या भिंतीतून डोकावणारी पेन्सिलपेक्षा बारीक धातूची नळी. तिच्या दोन वायरी मागच्या बाजूला कनेक्टरमध्ये जातात. तो कनेक्टर सोडवा, मीटर रेझिस्टन्सच्या, म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाच्या, 2 के (2000) ओहम रेंजवर ठेवा आणि सेन्सरच्या दोन टोकांना प्रोब लावा. बऱ्याच ओव्हनमध्ये पीटी 1000 असतो, म्हणजे प्लॅटिनमचा सेन्सर. तो शून्य अंशाला 1000 ओहम आणि पुढे अंशामागे साधारण 3.9 ओहम वाढतो. म्हणजे 30 अंशांच्या खोलीत 1117 च्या आसपास दिसायला हवं. मला 1118 मिळालं. कंपनीत आम्ही पीटी 100 वापरायचो, हा त्याचाच दहापट भाऊ. मीटरवर काहीच येत नसेल तर रेंज वाढवून बघा. लाखाच्या घरात ओहम दिसले तर तो एनटीसी, म्हणजे दुसऱ्या जातीचा सेन्सर, असू शकतो, आणि त्याची चाल उलटी: तापला की ओहम उतरतात. कुठल्याच रेंजवर काही आलं नाही तर सेन्सर तुटलाय.

एवढ्यावर थांबू नका. नळी मुठीत धरा, आकडा हळूहळू चढला पाहिजे (एनटीसी असेल तर उतरला पाहिजे). मग चहाच्या भांड्यात पाणी खळखळ उकळून, सेन्सर बाहेर काढून फक्त नळीचं टोक बुडवा, वायरी कोरड्या ठेवून. ऐरोली खाडीकाठी, पाणी 100 अंशालाच उकळणार. पीटी 1000 असेल तर 1385 च्या जवळ यायला हवं. शेवटी एक प्रोब वायरीला, एक नळीला लावा: काहीच दिसता कामा नये. दिसलं तर सेन्सर आतून बॉडीला लागलाय, बदला.

आमचा सेन्सर सगळ्यात पास. मग कनेक्टर परत जोडला, बोर्डाकडचं टोक बोर्डातून काढलं आणि तिथून मोजलं. 1205! वायर जरा हलवली की 1190, मग 1240, एकदा तर मीटर कोराच. सेन्सरपाशी 1118 आणि बोर्डापाशी 1205, म्हणजे मधले 87 ओहम कनेक्टरनेच खाल्ले. बोर्डाला बिचाऱ्याला काय कळणार? ओहम जास्त म्हणजे ओव्हन तापलाय, असं समजून तो हीटर आधीच बंद करायचा. 87 ओहम म्हणजे बावीस-तेवीस अंश. सूनबाई 180 लावायची, आत होत होते 157. आणि सांधा पूर्ण सुटला की एरर. (एनटीसी असता तर उलट झालं असतं, केक करपला असता.)

कनेक्टर उघडला तर पिनांवर हिरवट थर. पावसाळ्यातली दमट हवा आणि शेजारी खाडी, दुसरं काय होणार. नुसतं घासून लावलं तर महिनाभरात परत तेच, म्हणून मी जुना कनेक्टर कापून टाकला आणि उष्णता सोसणारा सिरॅमिकचा, नवे लग्ज (वायरीच्या टोकाच्या पिना) दाबून क्रिंप करून, लावला. वायरीवर फायबर ग्लासची स्लीव्ह. साधी काळी टेप इथे गुंडाळू नका, वितळून चिकटते. सगळा खर्च दोनशेच्या आत.

पत्रा लावून ओव्हन जागेवर बसवला, आत वेगळा ओव्हन थर्मामीटर ठेवला आणि अर्धा तास 180 वर चालवला. काटा 172 ते 188 मध्ये झुलत होता. तो झुलणारच, हीटर चालू-बंद होत असतो. एकाच आकड्यावर निकाल देऊ नका, मधला धरा.

पत्रा लावण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, 30 अंश आणि 1118 ओहम लिहून ठेवलं होतं. सूनबाई हसली, पण पुढच्या वेळी पत्रा उघडणाऱ्याला तोच आकडा आधी लागेल.