तलवारीच्या द्वंद्वात कपट लिहिताय? मग या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं आता मराठीत दूरचे ग्रह, प्रकाशाच्या तलवारी, अंतराळातली सरदार घराणी असलं लिहायला लागलीत आणि मला त्याचा खरंच आनंद आहे. कथा वाचायला माझ्याकडे देतात, एकांकिकेतली मारामारी बसवायला पण बोलावतात. पण दोन योद्धे समोरासमोर आले रे आले की परत तेच. एक मानाने लढणारा, एक कपटी, कपटी जिंकत आला की लेखक आभाळातून काहीतरी पाडतो आणि सीन संपवतो. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

नियम न सांगताच नियम मोडायचा

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि अर्ध्या बाकीच्या चुका हिच्या पोटातूनच येतात. कपट म्हणजे काय, तर दोघांनी मानलेली एखादी गोष्ट एकाने मोडली. आता ती गोष्ट वाचकाला माहीतच नसेल तर मोडलं काय हे त्याला कुठून कळणार?

शहापुरातल्या एका मंडळाने गणपतीत एकांकिका केली होती, पीव्हीसी पाइपात एलईडीची पट्टी घालून तलवारी, दोन घराण्यांचं वैर, सगळं हौसेने केलेलं. शेवटी खलनायक गुडघा टेकतो, नायक पाठ फिरवतो आणि हा मागून वार करतो. तालमीतच मी म्हटलं होतं की गुडघा टेकणं म्हणजे त्या ग्रहावर काय ते आधी दाखवा. तर दिग्दर्शन करणारा पोरगा म्हणाला, "लोकांना कळतंय हो दादा, टाइम कुठाय आपल्याकडे." बरं. प्रयोगाच्या रात्री मागून वार झाला आणि पेंडॉलमध्ये टाळ्या पडल्या! लोकांना वाटलं हा डाव आहे, भारी टाकला. पुढे बसलेला एक बारका पोरगा तर ओरडला, "अजून एक मार की!" नायक मरून पडलाय, त्याची बहीण रडतेय आणि लोक खलनायकावर खूश.

दोन दिवसांनी परत प्रयोग होता, तेव्हा मात्र ऐकलं माझं. सुरुवातीला फक्त एक छोटी झटापट घातली, त्यात हाच खलनायक हरतो, गुडघा टेकतो, आणि समोरचा लगेच पातं विझवून त्याला हात देऊन उठवतो. कुणी भाषण द्यायचं नाही, समजावून सांगायचं नाही, एवढंच दाखवायचं. मग शेवटी त्याच माणसाने तोच गुडघा टेकून मागून वार केला तेव्हा बायका-माणसं सगळी एकदम "अरे!" म्हणून कळवळली. वार तोच होता, नट पण तेच.

माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे काही नाही. कपटाचा सीन आधी लिहितो, मग मागे जाऊन तो नियम पाळला जाताना कुठे दिसतो ते शोधतो. दिसत नसेल तर तिथे घालतो, आणि शक्यतो ज्याच्या फायद्याचा होता तोच पुढे मोडणारा असावा.

महाभारत काढून बघा की. गदायुद्धात कमरेखाली वार करायचा नाही हा नियम, आणि भीमाने मांडी फोडायची प्रतिज्ञा केली ती सभापर्वात, प्रत्यक्ष मांडी फुटते ती शल्यपर्वात. मधे एवढं सगळं युद्ध. वाचकाला दोन्ही माहीत आहे, नियम पण आणि प्रतिज्ञा पण, म्हणून तिथे जीव अडकतो. आणि त्यानंतर बलराम चिडून नांगर उचलून भीमावर धावतो, कृष्णाला त्याला आवरावं लागतं. म्हणजे कपट आपल्या बाजूचं असलं तरी त्याची किंमत कथेत मोजली गेली. आमची पोरं किंमत मोजायचीच विसरतात. नायकाने फसवून जिंकलं तर त्याच्याच माणसांपैकी कुणीतरी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला पाहिजे, निदान एकाने तरी.

"हा गनिमी कावा आहे दादा"

नायकाकडून काहीही घाण काम करवून घेतलं की हे उत्तर ठरलेलं. आपल्याकडे शिवजयंतीला रात्रभर चित्ररथ निघतात, त्यातले प्रसंग बघत वाढलेली पोरं ही, त्यांनी तरी असं बोलू नये असं मला मनापासून वाटतं. गनिमी कावा म्हणजे थोड्या माणसांनी मोठ्या फौजेशी लढायची रीत, डोंगर, रात्र, वेग यांच्या जोरावर. शब्द देऊन ठरवलेल्या द्वंद्वात शब्द मोडणं ही वेगळी गोष्ट आहे.

प्रतापगडाचं उदाहरण देतात, १० नोव्हेंबर १६५९. पण पोवाडा नीट ऐका ना. अंगरख्याखाली चिलखत, हातात वाघनखं, हे भेटीच्या आधीच ऐकणाऱ्याला सांगितलेलं असतं. खान दगा करणार ही शंका पण आधीच सांगितलेली असते. म्हणून शामियान्यात मिठी पडते तेव्हा श्वास अडकतो. तुमच्या कथेत नायकाच्या बाहीतून शेवटच्या पानावर अचानक दुसरी तलवार निघते, जी आधी कुठेच नव्हती. याला तयारी म्हणत नाहीत, लेखकाने घाई केली म्हणतात.

हूल आणि दगा एकच समजणं

आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्ती बघितली असेल तर हे सांगायला नको. पटाची, म्हणजे पाय धरायची, हूल देऊन ढाकेने पाडलं तर लोक फेटे उडवतात, डोळ्यांत माती टाकली तर तेच लोक खवळतात. हूल हे कसब आहे. मानाने लढणारा माणूस हूल देऊ शकतो, दिलीच पाहिजे, नाहीतर तो मानी नाही नुसता बावळट दिसतो.

पातं विझवून परत पेटवायचं

ही माझी दुसरी दुखरी जागा. प्रत्येक नवशिक्याला वाटतं ही युक्ती जगात पहिल्यांदा मलाच सुचली: समोरच्याने वार अडवायला तलवार आडवी धरली की आपलं पातं क्षणभर विझवायचं, त्याच्या तलवारीपलीकडे हात न्यायचा आणि पेटवायचं. संपला खेळ. स्टार वॉर्सच्या विश्वात या प्रकाराला ट्राकाटा असं नाव सुद्धा आहे आणि तिथे जेडायांना, म्हणजे चांगल्या बाजूच्या योद्ध्यांना, तो फसवणुकीचा वाटतो, आणि त्यांचे वैरी सिथ यांना दुबळेपणाचा. म्हणजे तिथल्या लेखकांना पण हा प्रश्न पडलाच होता: एवढी सोपी युक्ती असेल तर सगळे तीच का वापरत नाहीत?

तुमच्या कथेत या प्रश्नाचं उत्तर नसेल तर ती युक्ती काढून टाका. "ते अपमानकारक मानतात" एवढं पुरत नाही, मरायची पाळी आली की अपमान कोण बघतं. शरीराचं उत्तर द्या. दोघांनी वेताच्या काठ्या घ्या, डोळ्याला गॉगल लावा आणि हळू करून बघा. तुम्ही वार करताय, त्याची काठी आडवी आहे. तुमचं पातं विझलं की त्याचा अडवण्याचा जोर कुठे जाणार? अडायला काही उरलंच नाही, त्याची तलवार पुढे येणार, आणि पुढे कोण आहे, तर तुम्ही, हातात नुसती मूठ घेऊन. म्हणजे हा डाव फक्त जो मरायला तयार आहे किंवा ज्याचे पाय फार जलद आहेत त्यालाच जमणार. हे कळलं की सीन आपोआप चांगला होतो, कारण युक्ती करणारा आता डरपोक राहत नाही, तो जुगार खेळतोय. काठी हातात न घेता मोबाइलवर क्लिप बघून लिहिणाऱ्याला हे कधीच सापडत नाही आणि मला या शॉर्टकटचा खूप राग येतो.

तसंच प्रकाशाच्या पात्याला बोथट बाजू नसते, सगळीकडून धार. म्हणून जुन्या तलवारबाजीतले डाव आंधळेपणाने उचलू नका. लोखंडी पातं हाताने धरता येतं, हे धरलं तर हात गेला. मर्दानी खेळातला पट्टा घेतला तर पंजा आणि मनगट खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या लोखंडी कवचात, बंद, मनगट वळतच नाही, हात कोपर-खांद्यातून फिरतो. अशा हत्याराने "मनगटाच्या हलक्या झटक्याने त्याने फसवलं" हे वाक्य होऊच शकत नाही. हत्यार बदललं की कपट पण बदलतं.

बारीकसारीक

मनाच्या शक्तीने दगड उचलणारा माणूस लढताना समोरच्याची तलवार का ओढून घेत नाही, हे पहिल्या पाच पानांत सांगा.

खलनायक लढताना बोलत असेल तर त्या बोलण्याने काहीतरी घडू दे, समोरच्याचा पाय चुकू दे, लक्ष उडू दे, नाहीतर तोंड बंद.

मानी माणूस प्रत्येक वेळी पडलेली तलवार परत देतो हे एकदा शोभतं. दुसऱ्यांदा दिली की वाचक पुस्तक मिटतो.

प्रकाशाच्या तलवारीच्या पात्याला विष लावू नका. वाचलंय मी असं.

स्टेजवर करणाऱ्यांसाठी

नुसते टोकाने पटापट टोचे मारून जिंकायचं, ही पण लबाडीच, आणि मागच्या रांगेला ती दिसत सुद्धा नाही. फ्रान्सच्या तलवारबाजी महासंघाने २०१९ मध्ये या प्रकाशतलवारींच्या खेळाला अधिकृत मान्यता दिली, तेव्हा नियमच असा ठेवला की तलवारीचं टोक आधी मारणाऱ्याच्या पाठीमागे जायला पाहिजे, मगच मारलेला वार मोजायचा. डोक्याला किंवा धडाला लागला तर ५ गुण, हातापायाला ३, पंजाला १, आणि तीन मिनिटांत १५ गाठायचे. टोक मागे गेलं की वार लांबून येतो, समोरच्याला दिसतो, बघणाऱ्याला पण दिसतो. मी एकांकिकेत आता पोरांना हेच करायला लावतो. पहिला आठवडा कुरकुर करतात, हात दुखतो म्हणतात, पटकन मारू दे की म्हणतात. नाही मारू देत. आणि तालमीत पाइपाच्या टोकाला रबराचं बूच लावल्याशिवाय कुणालाही उभं करू नका, कितीही घाई असली तरी.