हॉर्नवर हात जायच्या आधी एवढं बघा
बेळगावात खानापूर रोडला संध्याकाळी कोण आडवा आला की डोकं फिरतंयच, पण शिवी तोंडात यायच्या आधी आठवून बघा की आपण इंडिकेटर दिलेला काय, किती चिकटून चाललेलो. ताशी 40 ने गाडी सेकंदाला 11 मीटर जाते, दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं तर 22 मीटर पाहिजे, तेवढं कोण ठेवतंय हो? मी चन्नम्मा सर्कलला एकाशी भांडलो, घरी आल्यावर ध्यानात आलं मीच आडवा घुसलेलो, अजून वाईट वाटतंय. चूक आपली असली तर हात वर करून सॉरी म्हणा, समोरचा कन्नड बोलणारा असला तर ‘तप्पाय्तु’ (चूक झाली) म्हणा, निम्मा राग तिथंच उतरतोय. तरी अंगावर यायला लागला तर काचा वर करा, खाली उतरू नका, 112 ला फोन लावा.