सीपॅपचं चेंबर आणि मास्क घरच्या घरी कसे स्वच्छ ठेवावेत

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाखाली हवा देणारं मशीन. त्याच्या चेंबरमध्ये, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या डब्यात, रात्रभर कोमट पाणी असतं, आणि मास्कच्या कुशनवर, म्हणजे चेहऱ्याला टेकणाऱ्या मऊ सिलिकॉनच्या भागावर, चेहऱ्याचं तेल, घाम आणि श्वासातली वाफ साठते. जंतूंना आणि बुरशीला अशी ओल हवीच असते. बहुतेक घरांत धुणं नीट होतं, चूक होते ती त्यानंतर. भाग ओले असतानाच परत जोडले जातात आणि धूळ बसू नये म्हणून मशीनवर कापड टाकलं जातं. आत ओल कोंडते आणि चार दिवसांत कुबट वास येतो. तेव्हा खाली जिथे जिथे ‘वाळवा’ लिहिलं आहे, ते धुण्याइतकंच मनावर घ्या.

पाणी कोणतं?

चेंबरमध्ये डिस्टिल्ड वॉटरच घाला. नाशिकमध्ये नळाचं पाणी गंगापूर धरणातून शुद्ध होऊन आलेलं असलं तरी त्यात क्षार असतातच, आणि बोअरचं पाणी तर बहुधा जडच असतं. चेंबरमधलं पाणी वाफ होऊन जातं, क्षार तळाशी राहतात. गिझरच्या कॉइलवर दिसतो तोच पांढरा थर चेंबरच्या तळाच्या धातूच्या पत्र्यावर बसतो. मग पाणी नीट तापत नाही, आणि त्या खरखरीत थराला जंतू चिकटून राहतात. आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, पण घरगुती आरओ ते पूर्ण काढत नाही. एखाद्या रात्री अडलंच तर उकळून गार केलेलं आरओचं पाणी वापरा, रोज मात्र नको. उकळल्याने जंतू मरतात, क्षार जिथल्या तिथे राहतात.

घरात इन्व्हर्टर असेल तर बॅटरीच्या पाण्याचा कॅन असतोच, आणि हात सहज तिकडे जातो. ते पाणी बॅटरीसाठी भरलेलं असतं, कॅन किती स्वच्छ होता हे कुणी पाहिलेलं नसतं. श्वासावाटे जाणारी वाफ त्यातून काढू नका. एसीच्या नळीतून गळणारं पाणीही नको, ते आतल्या धुळीवरून वाहत आलेलं असतं. मेडिकलमधून आणताना बाटलीवरचं नाव वाचा. सलाइन म्हणजे मिठाचं पाणी, ते चेंबरमध्ये चालत नाही.

सर्दी झाली की पाण्यात निलगिरीचे थेंब, कापूर किंवा बाम टाकायचा मोह होतो. अजिबात टाकू नका. तेलाची वाफ दाबाखाली तासन्‌तास फुफ्फुसात जाते, चेंबरचं प्लास्टिक आणि मास्कचं सिलिकॉन खराब होतं आणि तो वास नंतर निघत नाही. वाफ घ्यायचीच असेल तर झोपण्याआधी वेगळ्या भांड्यातून घ्या.

बऱ्याच मशीनच्या चेंबरमध्ये साडेतीनशे मिलीलिटरच्या आसपास पाणी मावतं, म्हणजे पाच लिटरचा कॅन साधारण दोन आठवडे पुरतो. उघडलेल्या कॅनचं झाकण घट्ट लावा, त्यात कप किंवा पेला बुडवू नका, सरळ ओता.

सकाळी उठल्यावर

मशीन बंद करा, प्लग काढा, चेंबर गार होऊ द्या. तळाचा पत्रा बराच वेळ गरम राहतो, बोट भाजू शकतं. उरलेलं पाणी ओतून टाका. ‘निम्मं शिल्लक आहे, रात्री वर भरू’ असं करू नका. शिळ्या पाण्यावर नवं पाणी ओतलं की क्षारही वाढत जातात आणि जंतूही. चेंबर कोमट पाण्याने विसळा, उघडं करून स्वच्छ पंचावर उपडं ठेवा.

मास्कचं कुशन फ्रेमपासून वेगळं करा. छोट्या टबात दोनेक लिटर कोमट पाणी घ्या, हाताला सुखद लागेल इतकंच गरम. त्यात भांड्याच्या सौम्य लिक्विडचे किंवा बेबी शॅम्पूचे तीन-चार थेंब घाला. कुशन बोटांनी चोळा, विशेषतः नाकाला आणि गालाला टेकणारी पातळ कड. वाहत्या पाण्याखाली साबणाचा बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत विसळा. साबण राहिला तर नाकावर पुरळ येतं आणि दोष मास्कला दिला जातो. तारेची किंवा हिरवी घासणी वापरू नका, ओरखड्यांत मळ बसतो. डेटॉल, ब्लीच, स्पिरिट, सॅनिटायझर यांतलं काहीही सिलिकॉनला लावू नका. सिलिकॉन कडक होतं, चिरा पडतात आणि मास्क गळायला लागतो.

सगळे भाग सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळू द्या. बाल्कनीतल्या दोरीवर कडक उन्हात टाकलं की लवकर वाळतं खरं, पण उन्हाने सिलिकॉन पिवळं आणि ताठ होतं.

एवढं रोज जमलं नाही तर निदान पाणी ओतून टाका, चेंबर उघडं ठेवा आणि कुशन ओल्या स्वच्छ फडक्याने पुसा. रात्री मास्क लावण्याआधी चेहरा साबणाने धुतला तर निम्मं काम तिथेच होतं. खोबरेल तेल, व्हॅसलीन किंवा नाइट क्रीम लावून वर मास्क चढवला की कुशन घसरतं, हवा डोळ्यांकडे गळते आणि सकाळी डोळे लाल दिसतात.

आठवड्यातून एकदा

एक सकाळ ठरवा. बऱ्याच घरांत रविवार सोयीचा पडतो, कारण वाळायला संध्याकाळपर्यंत वेळ मिळतो.

पाइप मशीनपासून आणि मास्कपासून सोडवा. टबातल्या साबणाच्या पाण्यात बुडवून दोन्ही टोकं धरून खालीवर हलवा, म्हणजे पाणी आतल्या वळ्यांतून फिरेल. नळाखाली धरून आतून बाहेरून विसळा. मग मधोमध खुंटीवर असा टांगा की दोन्ही टोकं खाली लोंबतील. संध्याकाळी आत थेंब दिसले तर चेंबर रिकामं ठेवून, ह्युमिडिटी (हवा ओलसर करण्याची सोय) बंद करून, मास्क न जोडता मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवा, हवेने पाइप वाळतो. हीटेड पाइपच्या टोकाला विजेच्या पिना असतात. त्या भिजवायच्या की नाही हे मॉडेलवर अवलंबून आहे, मॅन्युअल पाहा, आणि ओल्या पिनांचा पाइप मशीनला कधीही जोडू नका.

मास्क डोक्याला बांधायचे बेल्ट हाताने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. वॉशिंग मशीन, ड्रायर आणि इस्त्री यांनी त्यांची ताण धरण्याची ताकद जाते.

चेंबरसाठी पांढरं व्हिनेगर घ्या, किराणा दुकानात मिळतं तेच. एक भाग व्हिनेगर आणि नऊ-दहा भाग पाणी चेंबरमध्ये भरून अर्धा तास ठेवा. थर जुना असेल तर निम्मं-निम्मं घ्या, पण रात्रभर ठेवू नका, आम्लाने तळाच्या पत्र्यावर खड्डे पडू शकतात. वास जाईपर्यंत विसळा आणि शेवटचं विसळणं डिस्टिल्ड वॉटरने करा. कडेला गुलाबी बुळबुळीत थर दिसला तर तो जंतूंचा असतो. साबण आणि मऊ ब्रशने निघतो, पण पुन्हा पुन्हा येत असेल तर पाणी रोज ओतलं जात नाही असं समजा. रबरी सीलमध्ये काळे ठिपके दिसले तर बुरशी आहे. ती मुळापासून निघत नाही, चेंबर बदला.

आता मास्कवरची भोकं. मास्कच्या पुढच्या बाजूला किंवा पाइप जिथे जोडला जातो त्या कोपऱ्यावर बारीक छिद्रं किंवा जाळी असते. सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो. ती बुजली तर कार्बन डायऑक्साइड मास्कमध्ये साठतो आणि तोच परत आत घेतला जातो. मऊ टूथब्रशने हलक्या हाताने साफ करा, उजेडासमोर धरून प्रत्येक छिद्र मोकळं आहे का बघा. सुई किंवा टाचणी घालू नका. छिद्र मोठं झालं की हवेचा हिशेब बिघडतो. नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस मास्क असेल तर कोपऱ्यातली लहान पातळ झडप पाहा. वीज गेली की ती उघडून बाहेरची हवा आत घेते. साबणाच्या थराने ती चिकटली तर मशीन बंद पडल्यावर गुदमरायला होईल. ही तपासणी कधीही टाळू नका.

फिल्टर, धूर आणि जागा

मशीनच्या मागचा पांढरा पातळ फिल्टर धुवायचा नसतो. महिन्यातून एकदा काढून पाहा, राखाडी झाला की बदला. मळला नसला तरी सहा महिन्यांच्या पुढे नेऊ नका. काही मशीनला फोमचा धुता येणारा फिल्टर असतो. तो पंधरा दिवसांनी नुसत्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून बसवा.

मशीन खोलीतली हवाच ओढतं. त्याच्याजवळ डासांची कॉइल, अगरबत्ती किंवा धूप लावला तर तो धूर थेट मास्कमध्ये येतो. दिवाळीच्या दिवसांत रात्री खिडकी बंद ठेवा आणि पाडव्यानंतर फिल्टर पाहा. मशीन जमिनीवर नको, खाली धूळ जास्त असते. गादीपेक्षा थोड्या खालच्या स्टुलावर ठेवलं तर पाइपमधलं पाणी चेहऱ्याकडे येण्याऐवजी मागे जातं. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत याचा फार उपयोग होतो. खोली गार, आतली हवा गरम, म्हणून पाइपमध्ये वाफेचं पाणी होतं आणि मध्यरात्री मास्कमध्ये गुळगुळ आवाज येतो. तेव्हा ह्युमिडिटी एक-दोन अंकांनी कमी करा, पाइपला कापडी कव्हर घाला किंवा तो गोधडीखालून घ्या. पावसाळ्यात अडचण उलटी असते. हवेतच ओल असते, त्यामुळे ह्युमिडिटी कमी लागते आणि धुतलेले भाग वाळता वाळत नाहीत. त्या चार महिन्यांत पाइप सकाळी लवकर धुवा, बाथरूममध्ये टांगू नका.

ओझोन किंवा यूव्हीने ‘आपोआप निर्जंतुक’ करणारी यंत्रं ऑनलाइन दिसतात. पैसे वाचवा. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या एफडीएने २०२० मध्ये अशा यंत्रांबद्दल सावध केलं होतं. ओझोन वायू श्वासनलिकेला झोंबतो. फिलिप्स कंपनीने जून २०२१ मध्ये आपली अनेक सीपॅप मशीन परत मागवली, कारण आतला आवाज शोषणारा फोम झिजून त्याचे कण हवेत येण्याचा धोका होता. ओझोनने ही झीज वाढू शकते, असं तेव्हा सांगितलं गेलं. शिवाय वाळलेलं तेल आणि मळ ओझोनने निघत नाही, त्याला साबणच लागतो.

सर्दी-खोकला, ताप असेल तर आठवड्याची वाट न पाहता कुशन, पाइप आणि चेंबर रोज धुवा आणि बरं वाटल्यावर फिल्टर बदला. खोकला किंवा सायनसचा त्रास वारंवार होत असेल, किंवा केमोथेरपीसारख्या उपचारांमुळे प्रतिकारशक्ती कमी असेल, तर धुण्याची पद्धत डॉक्टरांना सांगा.

गावी जाताना चेंबर रिकामं आणि कोरडं करूनच मशीन बॅगेत भरा. आत राहिलेलं पाणी मशीन आडवं होताच मोटरमध्ये शिरतं. तिथे डिस्टिल्ड वॉटर मिळत नसेल तर विहिरीच्या पाण्याला हात लावू नका. ह्युमिडिटी बंद करून रिकाम्या चेंबरवरच मशीन चालवा. घसा थोडा कोरडा पडेल, पण उपचार चुकणार नाही.