आधी परतीची गाडी ठरवा

मला गाडी चालवता येत नाही. तरी आमच्या कारपूलची, म्हणजे एकाच गाडीने मिळून जाण्याच्या योजनेची, वही माझ्याकडेच असते, आणि ते बरंच आहे. गाडीवाल्यानेच योजना चालवली की बाकीच्यांना उपकार घेतल्यासारखं वाटतं आणि हळूहळू त्यालाही केल्यासारखं.

सुरुवात ॲपने करू नका. पंधरा दिवस नुसती नोंद ठेवा: कोण, कुठे, कोणत्या वारी जातं, किती वाजता परततं. खेड्यात घरं लांब लांब, त्यामुळे ऐनवेळी सोबत मिळत नाही. पण तीच माणसं त्याच वारी त्याच रस्त्याने जात असतात. आमच्या वहीत पहिल्याच आठवड्यात दिसलं, की मंगळवारी सकाळी अर्ध्या तासात तीन गाड्या शहराकडे जातात, प्रत्येकीत एकच माणूस. आणि त्याच रस्त्यावरच्या एक आजी न्यायला कुणी नाही म्हणून दवाखान्याची तारीख पुढे ढकलत होत्या.

मग परतीचं बघा. इथे मी चुकले. माझं सगळं लक्ष सकाळच्या वेळेवर. एका संध्याकाळी गाडीवाल्याचं काम लांबलं, फोन लागेना, आणि आमच्यातली एक मुलगी अंधारात दीड तास रस्त्यावर उभी राहिली. पुढे तीन आठवडे घरच्यांनी तिला पाठवलं नाही. बरोबरच होतं त्यांचं. तेव्हापासून परतीसाठी दुसऱ्या गाडीचं नाव लिहिल्याशिवाय मी फेरी पक्की करत नाही. तीही नसेल तर भाड्याची गाडी, सगळ्यांच्या शिलकीतून. क्वचितच लागते, पण ती आहे म्हटल्यावर लोक आपली गाडी घरी ठेवायला तयार होतात.

पैशाचं पहिल्याच दिवशी बोला. आम्ही हिशेब लिटरमध्ये लिहितो, म्हणजे भाव बदलला तरी वाद नको. समजा शहर ३० किलोमीटरवर आहे आणि गाडी लिटरला १५ किलोमीटर देते. जाऊन-येऊन ४ लिटर. आजी अर्ध्या वाटेवर चढतात, त्यांचा एक भाग. पूर्ण अंतराच्या तिघांचे दोन-दोन. एकूण सात भागांत ४ लिटर वाटायचं, गाडीवाला धरून. तीन गाड्यांना १२ लिटर लागलं असतं. त्या दिवसाचं ८ लिटर वाचलं. पेट्रोलच्या एका लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे फेरीमागे १८ किलोंच्या वर. (लिटरभर पेट्रोलचं वजन किलोभरही नसतं, बाकीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. मला हे आधी खरंच वाटेना.)

वाटून घ्यायचा तो खर्च, कमवायचं काही नाही. खासगी गाडीचा विमा भाडं घेऊन केलेल्या प्रवासाला सहसा लागू होत नाही. खर्च वाटून घेतलेला चालतो का, हे प्रत्येक गाडीवाल्याने आपल्या विमा कंपनीला विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं. लायसन्स आणि विम्याची मुदत मी वहीत लिहून ठेवते.

थांबायचं पाच मिनिटं, मग गाडी निघणार, माणूस कितीही जवळचा असो. सिगरेट नाही. कुणाबरोबर बसायचं नाही, हे मी प्रत्येकाला एकटं गाठून विचारते; का, ते विचारत नाही. ते पान कुणाला दाखवत नाही. लहान जागी सगळे सगळ्यांना ओळखतात. म्हणूनच ही सोय हवी.

आणि एकदम सगळं गाव गोळा करू नका. एक वार, एक रस्ता, चार माणसं. आमचा अजून मंगळवारच सगळ्यात नीट चालतो. पुढची सीट आजींची. त्यांचा गुडघा वाकत नाही, म्हणून त्या चढायच्या आधी कुणीतरी उतरून ती सीट मागे सरकवून ठेवतं.