सयपाकघर नवं करताना: आधी नाली, मग ओटा

टाइलचा रंग नंतर निवडा, ओट्याचा दगड त्याहूनही नंतर. पहिलं काम म्हणजे मिस्त्रीला लेव्हलची (पाणी भरलेली पारदर्शक) नळी घेऊन बोलवा. तिचं एक टोक सयपाकघराच्या जमिनीवर धरा, दुसरं बाहेर रस्त्याकडच्या नालीपाशी, आणि उंच कोण आहे ते पाहा. जुन्या घरात हे कोणाच्या डोक्यातच येत नाही, कारण घर बांधलं तेव्हा ते रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या वर होतं. मधल्या काळात रस्ता खडीचा झाला, मग डांबराचा, मग सिमेंटचा, आणि जुना न खोदता दरवेळी त्याच्यावरच नवा थर पडला. नालीही त्याच्यासोबत वर आली. घर तिथंच राहिलं. मागच्या एका कामात नेमकं हेच पाहायचं राहिलं, आणि नव्या कोऱ्या मोरीतून पहिल्याच झडीत नालीचं पाणी आत आलं. म्हणून नाली आधी.

हिशेब सोपा आहे. सांडपाण्याच्या 3 इंची पाईपाला 40 फुटांत 1 फूट उतार धरतात, म्हणजे 12 फुटांचा पाईप टाकला तर साडेतीन इंचांच्या वर फरक लागतो. सिंकचं पाणी ओट्याच्या उंचीवरून पडतं, त्याची फारशी काळजी नाही. घात करते ती जमिनीतली मोरी. मोरीची जाळी, तिच्याखालचा ट्रॅप (पाणी अडवून वास आणि किडे रोखणारा वाक) आणि मग पाईपाचा उतार एवढं सगळं वजा करून पाईपाचं बाहेरचं तोंड नालीत जिथं निघेल, ते नालीच्या पावसाळी पाण्याच्या वर असलं पाहिजे. उन्हाळ्यातली कोरडी नाली पाहून लेव्हल ठरवू नका. आषाढात पाणी कुठवर चढलं होतं त्याचा डाग नालीच्या भिंतीवर असतो, तो पाहा. मिस्त्री म्हणेल, "होऊन जाते भाऊ." होत नाही. नळी लावायला सांगा, आणि खूण भिंतीवर कोळशानं करून घ्या.

नाली वर निघाली तर दोन रस्ते आहेत. एक, सयपाकघराची जमीन उचलायची. पण मग दाराची चौकट बुटकी होते, आणि माजघरातून आत जाताना मध्येच पायरी येते. घरात म्हातारं माणूस असेल तर ती पायरी कधीतरी पाडणारच. दुसरा रस्ता मला पटतो: पाणी पुढं न नेता मागं सांदवाडीत, म्हणजे परसात, काढायचं. तिथं आधी एक लहान चेंबर, म्हणजे तेल आणि खरकटं त्यात अडकेल, आणि पुढं केळी, अळू, कर्दळ. शोषखड्डा करा असं सगळेच सांगतात, रोजगार हमीतूनही तो होतो, पण खाली माती कोणती आहे ते कोणी पाहत नाही. काळ्या मातीत पाणी मुरत नाही. खाली मुरूम लागत असेल तर खड्डा तिथपर्यंत न्या. विदर्भातल्या दर्यापूर, अकोट, तेल्हारा या पट्ट्यात बरंच खोल गेलं तरी बहुतेक चिकण मातीच लागते. तिथं खड्ड्याचा नाद सोडा आणि झाडांना पाणी द्या. विहीर जवळ असेल तर 50 फूट तरी अंतर ठेवा.

आता वेळ. सोयाबीन निघताना आणि कापूस वेचणीत मजूर मिळत नाही, मिळालं तर चार दिवस येऊन पाचव्या दिवशी वावरात जातं. माघ-फाल्गुन बरा: हातात कापसाचा पैसा असतो आणि ऊन अजून तापलेलं नसतं. एप्रिल-मेमध्ये सिमेंटचं काम काढू नका. पारा 44-45 वर गेला की गिलावा सकाळी केला तर दुपारी तडकतो. पाणी किमान 7 दिवस मारायचं असतं, पोझोलाना (पीपीसी) सिमेंट असेल तर 10 दिवस, आणि आपल्या उन्हात त्याहूनही जास्त. मे महिन्यात प्यायला नाही तर भिंतीला कुठून आणाल? छपराला हात लावणार असाल तर मृगाच्या आत ते बंद झालंच पाहिजे, यावर चर्चा नाही.

भिंत मातीची असेल तर हा भाग नीट वाचा. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नका. ती भिंत खालून ओल ओढते आणि अंगानं सुकते. वरून सिमेंट थापलं की सुकायची वाट बंद होते, ओल आतच राहते, पाया मऊ पडतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे हातात येतात. उधईला (वाळवीला) तर अशी ओली, अंधारी जागा हवीच असते. बाकीच्या भिंतींना माती, कुटार (भुसा) आणि शेणाचा गिलावा किंवा चुना पुरतो. सिंक आणि शेगडीच्या मागं टाइल्स लागणारच. तेवढ्यापुरती 4 इंची विटांची वेगळी भिंत उठवा, तिला तिचा लहान पाया द्या आणि टाइल्स तिच्यावर लावा. दोन भिंतींच्या मध्ये थोडी फट ठेवली तर तिथं उंदीर येतील, नाही ठेवली तर ओल. मी म्हणतो फट ठेवा आणि वरखाली बारीक जाळी मारा.

नळाचे पाईप मातीच्या भिंतीत गाडायचे नाहीत. दिसायला वाईट दिसले तरी चालतील, उघडेच ठेवा. भिंतीतला जोड एक थेंब जरी गळू लागला तरी कळेपर्यंत हातभर भिंत फुगलेली असते. सांडपाण्याचा पाईप भिंतीतून जिथं बाहेर पडतो तिथं आधी एका मोठ्या पाईपाचा तुकडा बसवा, बाहेरच्या बाजूला जरा कलता, आणि खरा पाईप त्यातून काढा. गळलंच तर पाणी अंगणात पडेल, भिंतीत नाही. हे छिद्र किती उंचीवर पाडायचं? नालीच्या खुणेवरून. मिस्त्री ओट्यावरून मोजायला लागला तर थांबवा. कोळशाची खूण तिथंच आहे ना, ते पाहा.

वरच्या कपाटांचा मोह अशा भिंतीवर टाळा. डब्यांनी भरलेलं कपाट मातीत ठोकलेल्या खिळ्यांवर राहत नाही. जुनी फडताळं आणि देवळ्या बुजवू नका, त्याच पुसून, चुना मारून वापरा. त्यांच्यासारखी थंड जागा डाळी-तांदळाला दुसरी नाही. ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे करा. प्लायवूड लावायचाच हट्ट असेल तर आयएस 710 छाप असलेला मरीन घ्या. दुकानदार 'वॉटरप्रूफ' म्हणून साधा खपवतो. उधईचं औषध जमीन करायच्या आधी द्यायचं असतं, नंतर नाही. आणि ते बांधकामासाठीचं असावं. फवारणीच्या उरलेल्या बाटल्या सयपाकघराच्या जमिनीत ओतणारे लोक मी पाहिले आहेत. मायबाई, तिथंच उद्या पोरं बसून जेवणार आहेत.

खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात, राहत असाल तर सिमेंट कालवायला बोअरचं पाणी घेऊ नका. वर्षभरात भिंतीवर पांढरा लोणा फुटतो, रंग सुटतो आणि पोपडे पडत राहतात. पाणी मारायलाही तेच नको. गोड पाण्याचा टँकर महाग वाटतो, पण एकदाच लागतो. नळाला लोखंडी पाईप नको, प्लॅस्टिकचा सीपीव्हीसी टाका. तोट्यांवर क्षार बसतो म्हणून त्या उघडून साफ करता येतील अशा घ्या.

कवेलू (कौलं) काढून टिनं टाकायची घाई सगळ्यांना असते, आणि कारणही खरं आहे: वानरं. एक टोळी उड्या मारून गेली की कवेलू फुटतात आणि ते फेरायला, म्हणजे पुन्हा नीट रचायला, आता माणूस मिळत नाही. पण टिनाखाली मे महिन्यात दुपारी शेगडीपाशी उभं राहून दाखवा. टिनंच टाकायची असतील तर खाली छत करा आणि मधल्या पोकळीतली गरम हवा बाहेर जायला दोन्ही टोकांना जाळीची भोकं ठेवा. आढं, मयाल (आडवी तुळई) आणि वासे काढण्याआधी टोचून पाहा. जुनं सागवान बहुतेक वेळा नव्या लोखंडापेक्षा जास्त टिकतं. खिडकी मोठी करताना मयाल नेमकी कशावर टेकली आहे ते पाहिल्याशिवाय एक वीटही काढू नका.

चूल पूर्ण हटवू नका. गॅस आला तरी रोडगे, कांद्याची भाकर, हिवाळ्यातलं आंघोळीचं पाणी चुलीवरच होतं. तिला सांदवाडीकडच्या पडवीत जागा द्या, धुराडं छपराच्या वर काढा. आत ठेवली तर नव्या टाइल्स दिवाळीपर्यंत काळ्या होतील.

ओटा साधारण 32 ते 34 इंच उंच. पण घरात जी जास्त वेळ सयपाक करते तिला उभं करून, हाताच्या कोपरापासून चार-सहा इंच खाली खूण करा. मिस्त्रीच्या उंचीनं ओटा करू नका. दगड ग्रॅनाइट घ्या. कडप्प्यावर लिंबू-चिंचेचे डाग पडतात. ओट्याला सिंककडे किंचित उतार, आणि सिंक सांडपाण्याच्या छिद्राच्या जितकं जवळ तितकं चांगलं. पाहा, पुन्हा नालीवरच आलो. ओट्याची जागा नाली ठरवते, खिडकी नाही, वास्तूवाला तर नाहीच.

गॅस: शेगडी सिलिंडरपेक्षा उंच, सिलिंडर उभा. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, भिंतीतून नेऊ नका, 5 वर्षांनी बदला. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीशी साचतो. म्हणून सिलिंडर ओट्याखाली असेल तर दाराला खालून भोकं पाहिजेत. शेगडी थेट खिडकीसमोर नको, वाऱ्यानं विझते.

वीज: जुन्या लाकडी पट्ट्यांवरच्या वायरी सगळ्या काढा, अर्ध्या नव्या अर्ध्या जुन्या असं करू नका. अर्थिंगचा खड्डा वेगळा, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) लावाच. फ्रिज आणि ओव्हनला 16 अँपिअरचे पॉइंट, वायर अडीच चौरस मिलिमीटरच्या खाली नको. सिंकच्या वर प्लग नको. वायरी झाकायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

बाकी पटकन. काम चालू असताना सयपाक ओसरीवर. मोरीला ट्रॅप पाहिजेच, नाहीतर झुरळं. खिडकीला जाळी. जमिनीच्या फरशीला खरखरीत पोत हवा, गुळगुळीत नको. रंग शेवटी, भिंत पूर्ण सुकल्यावर. मिस्त्रीचा शेवटचा हप्ता द्यायच्या आधी मोरीत चार बादल्या पाणी एकदम ओता आणि बाहेर नालीपाशी जाऊन उभे राहा. उरलेल्या टाइल्स फेकू नका, चार-सहा माळ्यावर ठेवून द्या. पुढं एखादी फुटली की तो रंग बाजारात सापडत नाही.