सिंगल स्पीडचा गिअर मागच्या दात्यांवर ठरवा

सिंगल स्पीड (एकाच गिअरची) किंवा फिक्सी (चाक फिरतं तोवर पायडलही फिरतंच अशी) सायकलीचा गिअर म्हणजे पुढच्या चेनव्हीलचे, म्हणजे पायडलजवळच्या चकतीचे, दाते भागिले मागच्या चकतीचे दाते. पुढे ४६ आणि मागे १६ असतील तर भागाकार २.८७५. पायडलचा एक फेरा पुरा झाला की मागचं चाक जवळजवळ तीन फेरे फिरतं. ७०० × २५ मापाच्या टायरच्या एका फेऱ्यात साधारण २.१ मीटर अंतर कापलं जातं, म्हणजे पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला सायकल सहा मीटर पुढे जाते. गणित एवढंच आहे. आधी आपल्या सायकलीचे दाते मोजा. बहुतेक चेनव्हीलवर आकडा कोरलेलाच असतो.

बऱ्याच तयार सिंगल स्पीड सायकली ४६/१६ किंवा ४४/१६ लावूनच दुकानातून बाहेर पडतात. त्यावर कोणीतरी ४८/१५ लावायला सांगतं, का तर व्हिडिओतले लोक तसंच चालवतात. ‘मोठा गिअर लावला की पायात ताकद येते’ हा सल्ला तर थेट गुडघ्याच्या मुळावर येतो. जड गिअरवर पाय हळू फिरतात, प्रत्येक फेऱ्याला जोर जास्त लागतो आणि काही आठवड्यांत वाटीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. सीट बुटकी असेल तर आणखी लवकर. व्हेलोड्रोमच्या, म्हणजे सायकल शर्यतींच्या मैदानाच्या, लाकडी ट्रॅकवर सिग्नल नसतो. दादरहून फोर्टला जाताना बेस्टची बस, हातगाडी, सिग्नल आणि रस्त्यातच थांबलेली टॅक्सी, सगळं असतं.

म्हणून मुंबईत गिअर ठरवताना सपाटीवरचा सर्वांत जास्त वेग बाजूला ठेवा. बघायच्या गोष्टी तीनच: सिग्नलवरून सुटताना किती जोर लागतो, रोजच्या वाटेवरचा सर्वांत वाईट चढ कसा जातो आणि समोरून वारा आला की पायांचं काय होतं.

सुरुवात ४४/१८ पासून करा. भागाकार २.४४. मिनिटाला ९० फेऱ्यांनी पाय चालले तर ताशी २७-२८ किलोमीटरचा वेग मिळतो, आणि शहरात त्याहून जास्त वेग धरून ठेवायला मोकळा रस्ता मिळतोच कुठे? ४६/१६ वर तेवढ्याच फेऱ्यांत ३२ च्या वर जाता येतं, पण त्यासाठी प्रत्येक सिग्नलवर आणि प्रत्येक चढावर पायडलवर सुमारे १८ टक्के जास्त जोर लावावा लागतो. रोजची वाट बहुतांश सपाट असेल आणि पाठीवर ओझं नसेल तर ४४/१७ घ्या. मलबार हिल, आरे कॉलनी किंवा घोडबंदर रोडवरचा गायमुखचा चढ वाटेत असेल, किंवा डबा, लॅपटॉप आणि कुलूप मिळून पाच-सहा किलो ओझं असेल, तर ४४/१९ ला कमीपणा मानू नका.

आता खरा अवघड भाग. कागदावर गिअर निवडणं सोपं, पण तो आपल्या पायाला बसतो का हे ओळखणं सोपं नाही. घरासमोरच्या गल्लीत एक चक्कर मारून लोक ठरवतात आणि तिथेच फसतात. ताज्या पायांना, ओझ्याशिवाय, सपाटीवर कुठलाही गिअर छान वाटतो. चाचणी रोजच्या ओझ्यासकट आणि रोजच्या वेळेलाच घ्या. सपाटीवर सायकल रमली की घड्याळ लावून १५ सेकंदांत उजवा पाय किती वेळा खाली आला ते मोजा आणि चारने गुणा. ८० ते ९० आलं तर ठीक. सत्तरच्या खाली येत असेल तर गिअर जड आहे, मग वेग कितीही सुखाचा वाटो. शंभराच्या वर जाऊन सीटवर उड्या बसत असतील तर मागचा एक दाता कमी करा.

त्यानंतर चढ. वाटेवरचा सर्वांत वाईट पूल किंवा टेकडी घ्या आणि पायथ्याशी पूर्ण थांबून सुरुवात करा. वेगात येऊन चढलेला चढ चाचणीत धरायचा नाही, कारण प्रत्यक्षात पायथ्याशीच रिक्षा आडवी येते. अर्धा चढ बसून आणि उरलेला उभं राहून निघाला पाहिजे. माथ्यावर पोचताना फेरे मिनिटाला ४५ च्या खाली जाता कामा नयेत. ताशी १४ किलोमीटरने चढताना ४४/१८ वर ४५ फेरे पडतात, ४६/१६ वर ३८-३९. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो, पण त्या शेवटच्या शंभर मीटरमध्ये हँडल ओढून खांदे भरून येतात ते ह्याच फरकामुळे.

वाऱ्याची परीक्षा मरीन ड्राइव्हवर घ्या. रस्ता सपाट असल्यामुळे जो त्रास होईल तो वाऱ्याचाच. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की एकदा नरिमन पॉइंटकडून चौपाटीकडे आणि एकदा उलट जाऊन बघा. ज्या दिशेला वारा तोंडावर येतो तिथे फेरे साठच्या खाली घसरत असतील तर मागे एक दाता वाढवा. पावसाळ्यातला वारा यापेक्षा अडमुठा असतो, त्यामुळे एप्रिलमध्ये जेमतेम जमलेला गिअर जुलैत जमणार नाही.

असे चार-पाच दिवस काढल्याशिवाय निर्णय घेऊ नका, आणि एका वेळी मागचा एकच दाता बदला. १७ चे १८ केले की गिअर साडेपाच टक्क्यांनी हलका होतो. पुढे एक दाता बदलून जेमतेम सव्वादोन टक्के फरक पडतो. दुकानदार चेनव्हील बदलायला सांगेल. ते महाग असतं, शिवाय क्रँकच्या (पायडलच्या दांड्याच्या) बोल्टचं माप जुळावं लागतं. मागचं फ्रीव्हील (पाय थांबले तरी चाक फिरू देणारी दात्यांची चकती) स्वस्त, काम पंधरा मिनिटांचं.

फिक्सी असेल तर आणखी दोन गोष्टी. उतारावर पाय थांबत नाहीत: पेडर रोडवरून हाजीअलीकडे ४० च्या वेगाने उतरलात तर ४४/१८ वर पायांना मिनिटाला १३० फेरे मारावे लागतात. याला उपाय जड गिअर नव्हे, ब्रेक. पुढचा ब्रेक नसलेली फिक्सी मुंबईच्या रस्त्यावर आणूच नये. दुसरी गोष्ट टायरची. मागचं चाक घसरवून थांबणाऱ्यांचा टायर ठरावीक जागीच झिजतो, आणि त्या जागा भागाकारावरून कळतात. अपूर्णांक सोपा करा, खालचा आकडा म्हणजे जागा (एकच पाय पुढे ठेवून घसरवत असाल तर). ४८/१६ म्हणजे ३/१, एकच जागा, टायर बघता बघता फाटतो. ४४/१६ ला चार, ४४/१८ ला नऊ, ४४/१७ ला सतरा. फिक्सीला १७ चा कॉग (मागची दात्यांची चकती) म्हणूनच सर्वांत शहाणा.

बसवणं सोपं आहे. मागे एक दाता वाढला की ॲक्सल (चाकाचा दांडा) सुमारे ३ मिलिमीटर पुढे घ्यावा लागतो. ॲक्सलच्या खाचेत जागा नसेल तर चेनला एक इंच जोडा किंवा हाफ लिंक (अर्ध्या इंचाचा दुवा) घाला. १/८ इंच रुंदीची चेन ३/३२ इंच जाडीच्या कॉगवर चालते, उलट चालत नाही. जुनी चेन पट्टीवर धरून बघा: १२ इंचांचे दुवे १२ १/१६ भरत असतील तर नव्या कॉगबरोबर चेनही नवी घ्या, नाहीतर नवे दाते लगेच झिजतात. चेन मधोमध वर-खाली मिळून एक सेंटिमीटर हलली पाहिजे. क्रँक पूर्ण फिरवून जिथे ती सर्वांत घट्ट होते तिथेच हे तपासा. चाक सरकल्यावर ब्रेकचे रबर रिमवरच बसतात ना, तेही बघा.

फिक्सीच्या लॉकरिंगचे, म्हणजे कॉग जागी धरणाऱ्या कडीचे, आटे उलटे असतात: सोडताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायची. नवा कॉग ग्रीस लावून, चेनव्हिपने (चेनचा तुकडा लावलेल्या हत्याराने) जोर देऊन आवळा, मग लॉकरिंग आवळा आणि एखादा पूल उभं राहून चढून या. त्या जोराने कॉग आणखी थोडा आत बसतो आणि लॉकरिंग सैल पडते. खाली आल्यावर ती पुन्हा आवळल्याशिवाय पाय उलटे दाबून वेग कमी करू नका, कॉग आट्यांवरून सुटतो आणि हबचे (चाकाच्या मधल्या भागाचे) आटे कायमचे जातात.