फ्रान्सच्या सुपरमार्केटमधून मुलांसाठी खाऊ कसा निवडावा

नाशिकहून मुलांना घेऊन फ्रान्सला निघणारी कुटुंबे चिवडा, भडंग आणि चिक्की यांनी एक बॅग भरतातच, आणि त्यात वावगे काही नाही. मात्र युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुग्धजन्य पदार्थ सोबत नेता येत नाहीत, म्हणून पेढे आणि खव्याची मिठाई घरीच ठेवावी. आपली ताजी द्राक्षेही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेण्यास मनाई आहे.

तिथे गेल्यावर खरी अडचण येते ती संध्याकाळी. अनेक उपाहारगृहांची स्वयंपाकघरे दुपारच्या जेवणानंतर बंद होतात आणि सातच्या सुमारास पुन्हा सुरू होतात, तोवर मुले भुकेने रडकुंडीला येतात. फ्रेंच मुलांना साधारण चार-साडेचारला 'गूते' म्हणजे मधल्या वेळचा खाऊ मिळतो, आणि कार्फूर, मोनोप्री यांसारख्या दुकानांत त्यासाठी छोट्या वेष्टनांतला माल भरपूर असतो.

सर्वांत आधी 'कॉम्पोत' घ्यावे. हा शिजवलेल्या सफरचंदाचा मऊ गर फिरकीच्या झाकणाच्या पिशवीत मिळतो, फ्रिज लागत नाही आणि मूल चालता चालता पिशवी दाबून तो खाऊ शकते. साखर न घातलेला प्रकार निवडावा. बिस्किटांत नांत शहरातल्या लू कंपनीचे, 1886 पासूनचे 'प्ती बर' साधे आणि लोण्याच्या चवीचे असते, आणि मुले त्याचे चारही कोपरे आधी कुरतडतात. मादलेन हा छोटा केक आणि ब्रिऑश हा गोडसर मऊ पाव चविष्ट खरे, पण त्यांत अंडे असते. हॉटेलच्या खोलीत फ्रिज असेल तर 'प्ती स्विस' हे मऊ ताजे चीज आणावे. डबी उलटी करून त्याभोवतीचा कागद अलगद सोडवणे हाच मुलांचा अर्धा खेळ असतो.

शाकाहारी घरांनी येथे थोडी सावधगिरी बाळगावी, कारण आपल्याकडचा हिरवा ठिपका तिथे नसतो. अंडे, डुकराचे मांस, कोंबडी, जनावरांच्या हाडा-कातड्यापासून मिळणारे जिलेटिन आणि चीज विरजण्यासाठी वापरले जाणारे, वासराच्या पोटातून मिळणारे रेनेट यांचे फ्रेंच शब्द निघण्यापूर्वीच फोनमध्ये रोमन लिपीत टिपून ठेवावेत. चघळण्याच्या मऊ गोळ्यांत जिलेटिन सर्रास असते आणि पुष्कळ पारंपरिक चीज रेनेटनेच विरजतात, त्यामुळे केवळ चित्र पाहून काही घेऊ नये. वेफर्सचे साधे मिठाचे पाकीट घ्यावे, कारण चवीच्या प्रकारांत भाजलेल्या कोंबडीची चवही असते. अंडे, दूध, शेंगदाणे, गहू असे ॲलर्जी करणारे घटक कायद्यानुसार घटकांच्या यादीत ठळक छापलेले असतात. भाषा न येणाऱ्यालाही त्यामुळे नेमके कुठे पाहायचे ते कळते.

माझ्या मते सर्वांत भरवशाचा खाऊ म्हणजे पारंपरिक 'बॅगेत' हा लांब काठीसारखा फ्रेंच पाव: 1993 च्या नियमानुसार तो मुख्यतः पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट यांचाच करावा लागतो, आणि त्याला घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी उत्तम लागते. रविवारी दुपारनंतर बरीच मोठी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारीच खरेदी उरकावी आणि कापडी पिशवी सोबत ठेवावी. परतीच्या विमानासाठी कॉम्पोत हातातल्या सामानात ठेवायचे असेल, तर ते द्रवपदार्थांत मोजले जाते. नेहमीची 90 ग्रॅमची पिशवी 100 मिलिलिटरच्या मर्यादेत बसते, मोठी पिशवी तपासणीत काढून घेतली जाऊ शकते.